पटकीचीं नांवें

घरांतील एखादी वृद्ध बाई दुधाच्या पातेल्यांत तोंड घालणाऱ्या मांजराला “पटकी येवो मेल्या तुला” म्हणून हाकलते, तेव्हां जवळ बसलेलीं मुलें हंसतात. त्या शिवीचा अर्थ मुलांना ठाऊक नसतो आणि त्या क्षणीं बाईंच्याहि मनांत तो नसतो. इकडे पोलंड देशांत दाराच्या फटींत बोट चेंगरलें कीं माणूस “खोलेरा!” म्हणून ओरडतो. आपण एका रोगाचें नांव घेतलें याची आठवण त्यालाहि क्वचितच असते. हजारों मैलांच्या अंतरावरील या दोन शिव्या एकाच रोगाच्या आहेत. सकाळीं धडधाकट असलेला माणूस ज्यामुळें सायंकाळीं स्मशानांत पोंचत असे, तो हा रोग. त्याचें भय शहरांतून बव्हंशीं ओसरलें, परंतु भयाच्या दिवसांतला शब्द जिभेवर राहून गेला.

या रोगाला निरनिराळ्या भाषांनीं दिलेलीं नांवें एकत्र मांडून पाहिलीं म्हणजे त्यांचे तीन वर्ग सहज पडतात. कांहीं नांवें रोग्याच्या देहाचें काय होतें तेवढेंच सांगतात. कांहीं नांवें रोगाचें कारण सांगूं पाहतात. आणि कांहीं नांवें दुसऱ्या कोणाकडे तरी बोट दाखवितात. यांपैकीं पहिल्या वर्गांतील नांवें बहुतेक सामान्य लोकांच्या तोंडची आहेत. विद्वानांनीं त्यांच्याकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. परंतु रोग्याचा प्राण कशानें वांचेल याची खूण याच नांवांत होती, हें पुढें कळून आलें. तें कळण्यास मात्र फार वर्षें आणि असंख्य माणसें खर्चीं पडलीं.

या नांवांपैकीं सर्वांत मोठा प्रवास एका मराठी शब्दानें केला आहे. त्याचा आरंभ गोव्यांत होतो. इ. स. १५४३ सालीं गोव्यांत एक भयंकर सांथ आली. गास्पार कोरैया या पोर्तुगीज इतिहासकारानें तिचें वर्णन लिहून ठेवलें आहे. माणसें इतक्या झपाट्यानें मरूं लागलीं कीं, मृतांसाठीं चर्चमधील घंटा वाजविणेंच बंद करण्यांत आलें. इस्पितळांत मेलेल्या एका रोग्याचें शरीर गव्हर्नरच्या आज्ञेवरून चिरून पाहण्यांत आलें. आंत सर्व कांहीं धड होतें. फक्त जठर आकसून कोंबडीच्या जठराएवढें झालेलें आढळलें. या रोगाला तेथील लोक ज्या नांवानें ओळखत, तें नांव कोरैयानें ‘मोरिशी’ असें कांहींसें लिहून घेतलें आहे.

त्यानंतर वीस वर्षांनीं, १५६३ सालीं, गोव्यांतच गार्सिया द ओर्ता या वैद्याचा ग्रंथ छापून निघाला. ओर्ता हा मोठा बहुश्रुत गृहस्थ होता. मुंबईचें बेट कांहीं काळ त्याच्याकडे खंडानें होतें. त्याचा ग्रंथ हिंदुस्थानांतील औषधींविषयीं असून तो संवादरूपानें लिहिलेला आहे. त्यांतील एका संवादांत या रोगाचा विषय निघतो. तेथें ओर्ता स्पष्ट सांगतो कीं, युरोपांतील वैद्य ज्याला ‘कोलेरिका पासिओ’ म्हणतात त्यालाच या देशांतील लोक ‘मोर्शी’ म्हणतात, आणि पोर्तुगीज लोकांनीं तो शब्द बिघडवून त्याचा ‘मोर्देशी’ केला आहे. मराठी कानाला ही ‘मोर्शी’ परकी वाटत नाहीं. ती आपली मोडशीच होय. ‘ड’ हा मूर्धन्य वर्ण परक्या जिभेला झेपला नाहीं, म्हणून त्याचा कधीं ‘र’ झाला तर कधीं ‘र्द’.

पुढें हा शब्द गलबतांबरोबर हिंडूं लागला. १५८३ सालीं गोव्यास येऊन आर्चबिशपच्या पदरीं राहिलेल्या लिन्सखोटेन नांवाच्या डच गृहस्थानें तो आपल्या प्रवासवर्णनांत घातला. फ्रेंच प्रवाशांनीं तो उचलला. पोर्तुगीजांनीं शब्दाच्या शेवटीं एक अनुनासिक जोडला होताच. फ्रेंच कानाला त्या साऱ्या उच्चारांत आपल्याच भाषेंतील तीन ओळखीचे शब्द ऐकूं आले : ‘मोर द शियँ’, म्हणजे कुत्र्याचें मरण. अठराव्या शतकांत मद्रासकडील इंग्रज डॉक्टरसुद्धां हेंच नांव गंभीरपणें लिहूं लागले. तो रोग खरोखरच इतका दारुण कीं ‘कुत्र्याचें मरण’ हें नांव कोणालाहि विचित्र वाटलें नाहीं. यूल आणि बर्नेल या दोघां पंडितांचा अँग्लो-इंडियन शब्दांचा प्रसिद्ध कोश १८८६ सालीं निघाला, त्यांत या नांवाची सारी वंशावळ मांडलेली आहे. तिच्या मुळाशीं कुत्रेंहि नाहीं आणि मरणहि नाहीं. तेथें आहे ‘मोडणें’ हें साधें मराठी क्रियापद.

मराठींत ताप येण्यापूर्वी अंग मोडून येतें. आजारानें माणूस मोडतो. कंबर मोडते, उभारी मोडते. त्या क्रियापदापासून निघालेली मोडशी आज मात्र फार सौम्य झाली आहे. हवा पालटली, जड अन्न बाधलें, पोट बिघडलें, कीं घरांतील वडील माणूस “मोडशी झाली” म्हणून सुंठ किंवा ओवा पुढें करतें. जुन्या काळीं एकाच शब्दाखालीं हलकें अजीर्ण आणि प्राणघातक रोग असे दोन्ही येत असत. म्हणून जुन्या लेखांतील प्रत्येक मोडशी ही पटकीच होती असें धरून चालणें बरोबर होणार नाहीं. शब्द जुना असतो. त्याच्याखालीं येणारा रोग प्रत्येक वेळीं तोच असतो असें नाहीं.

मोडण्याची ही कल्पना एकट्या मराठीलाच सुचली असेंहि नाहीं. हिंदी आणि उर्दू भाषांतील ‘हैजा’ हा शब्द अरबींतून आलेला आहे. त्याच्या मूळ धातूचा अर्थ बसविलेलें हाड पुन्हा मोडणें असा आहे; त्यावरून बरा होत आलेला आजार उलटणें असाहि अर्थ निघाला. ओर्तालाहि हें अरबी नांव ठाऊक होतें आणि त्यानें तें आपल्या संवादांत नमूद केलें आहे. अरबस्तानांतील वैद्य आणि कोंकणपट्टींतील कुणबी यांची कधीं गांठ पडली नसेल. तरी त्या रोग्याकडे पाहून दोघांनाहि एकच शब्द आठवला.

इतर भाषांतील लोकांनींहि डोळ्यांना दिसलें तेंच नांवांत घातलें. संस्कृत वैद्यकांतील ‘विषूचिका’ ही सुश्रुताच्या मतें सुया टोंचल्यासारख्या वेदनांवरून पडलेली संज्ञा आहे. हातापायांना येणारे वळ ज्यानें पाहिले आहेत त्याला ती पटेल. बंगालींत या रोगाला ‘ओलाओठा’ म्हणतात. ओला म्हणजे उतरणें आणि ओठा म्हणजे चढणें. खालूनहि जातें आणि वरूनहि येतें, हें रोगाचें सारें लक्षण त्या चार अक्षरांत आलें. तामिळ आणि कानडी भाषांतील ‘वांतिभेदी’ हें नांवहि त्याच जातीचें. गुजरातींत ‘कोगळियुं’ म्हणतात. कोगळो म्हणजे तोंडांतून टाकलेली पाण्याची चूळ; रोग्याच्या तोंडून जें उलटून पडतें तें पाण्यासारखें असतें, हें ज्यानें हें नांव प्रथम ठेवलें त्यानें नीट पाहिलें होतें. चीनमध्यें ‘हुओ-लुआन’ हा फार जुना शब्द आहे. त्याचा अर्थ एकाएकीं माजलेला गोंधळ. जपानमध्यें १८२२ सालीं ही सांथ प्रथम आली आणि १८५८ सालीं पुन्हा मोठ्या वेगानें पसरली. माणूस एकाएकीं कोलमडून पडावा तशी क्रिया सांगणारा ‘कोरोरी’ असा एक शब्द जपानी भाषेंत होताच. ‘कोलेरा’ या परक्या शब्दाच्या जागीं लोकांनीं तोच बसविला, आणि कोणीं कोणीं तर तो वाघ, लांडगा व अतिसार या अर्थाच्या तीन चिन्हांनीं लिहिला. आपली ‘पटकी’ त्या कोरोरीची सख्खी बहीण शोभते. ‘पटकन्’ या शब्दाशीं तिचें नातें उघड दिसतें. पटकन् येते आणि पटकन् नेते, ती पटकी.

आतां कारण सांगूं पाहणाऱ्या नांवांकडे वळावें. त्यांत सर्वांत प्रतिष्ठित नांव ग्रीक भाषेंतलें आहे. ‘खोले’ म्हणजे पित्त, आणि त्यावरून ‘खोलेरा’. हिपोक्रेटीसच्या नांवावर असलेल्या ग्रंथांत हा शब्द आहे, पण तेथें तो उन्हाळ्यांतील साध्या ढाळवांत्यांना लावलेला आहे. शरीरांत पित्त वाढलें कीं तें दोन्ही वाटांनीं बाहेर पडतें, अशी त्या काळच्या वैद्यांची समजूत होती. कांहीं अभ्यासक या शब्दाचा संबंध पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळीशीं जोडतात. परंतु जगानें पित्ताचाच अर्थ धरला. तो इतका पक्का धरला कीं, त्याच मुळापासून फ्रेंच भाषेंत ‘कोलेर’ म्हणजे राग झाला, इंग्रजींत तापट माणूस ‘कॉलरिक’ झाला, आणि स्पॅनिश भाषेंत तर ‘कोलेरा’ हा एकच शब्द पुल्लिंगी असेल तर रोग आणि स्त्रीलिंगी असेल तर राग असा प्रकार आहे. मराठी माणसाला यांत नवल वाटूं नये. त्याचेंहि पित्त खवळतें तें रागानेंच.

इतकें मानमरातब पावलेलें हें नांव मुळांतच चुकीचें होतें. पटकीच्या रोग्याचे जुलाब तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके असतात, आणि पित्ताचा रंग त्यांत दिसत नाहीं. ज्या रोगांत पित्त दिसत नाहीं त्यालाच पित्ताचें नांव पडलें. केवळ नांवच चुकलें असतें तर तो पंडितांचा विनोद ठरला असता. परंतु नांवामागोमाग उपचारहि चुकला.

१८१७ सालीं गंगेच्या मुखाकडील जेसोर गांवीं हा रोग उसळला आणि पूर्वी कधीं गेला नव्हता इतक्या दूर जाऊं लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस बुंदेलखंडांत असलेल्या लॉर्ड हेस्टिंग्जच्या फौजेंत त्यानें हाहाकार उडविला. १८१८ सालीं, म्हणजे पेशवाई बुडाली त्याच वर्षीं, तो दक्षिणेंतून मुंबईपर्यंत आला. तेथून मस्कत, इराण, जावा, चीन असे त्याचे मुक्काम पडत गेले. १८३० सालीं तो मॉस्कोंत होता, १८३१ सालीं इंग्लंडांत आणि १८३२ सालीं पॅरिसमध्यें. युरोपियन डॉक्टरांनीं आपल्या पोथींतलें जुनें नांव या नव्या संकटाला लावलें आणि त्या नांवाला धरून औषध दिलें. जुलाबांत पित्त दिसत नाहीं, तर तें अडलें असावें. मग तें मोकळें करण्यासाठीं कॅलोमेल हें पाऱ्याचें औषध द्यावें, असा हिशेब झाला. रोग्याचें रक्त काढण्यांत आलें. आधींच रिता होत चाललेल्या माणसाला लंडनमध्यें एरंडेलहि पाजण्यांत आलें. गोव्याकडे तर तांपविलेल्या लोखंडानें टाचेला डाग देण्याची चाल असल्याचें जुन्या प्रवाशांनीं लिहिलें आहे. रोगी पाणी मागत असे. पण पाण्यानें वांति वाढेल म्हणून अनेक ठिकाणीं तेंच त्याला नाकारलें जाई.

कारणाचें दुसरें चुकीचें नांव अरबी भाषेंत झालें. मिसर आणि सीरिया या देशांत एकोणिसाव्या शतकांत लोक या रोगाला ‘पिवळी हवा’ म्हणूं लागले. त्यांना हंसण्याचा अधिकार लंडनला नव्हता. तेथील मोठमोठे अधिकारीहि दूषित हवेलाच दोष देत होते. १८५४ सालीं जॉन स्नो या डॉक्टरानें ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाच्या पाण्याकडे बोट दाखविलें आणि पंपाचा दांडा काढवून घेतला, तरी त्याचें म्हणणें लगेच मान्य झालें नाहीं. त्याच वर्षीं फ्लॉरेन्स येथें फिलिप्पो पाचिनी यानें सूक्ष्मदर्शक यंत्रांतून रोगाचा जंतु पाहिला. त्याच्याकडेहि कोणी लक्ष दिलें नाहीं. अखेर १८८४ सालीं कलकत्त्यास रॉबर्ट कॉख यानें तो जंतु सिद्ध करून दाखविला. तो किंचित् वांकडा, स्वल्पविरामाच्या आकाराचा असतो, म्हणून त्याला ‘कॉमा’ जंतु म्हणूं लागले. कारणाचें तें पहिलें खरें नांव म्हणावें लागेल, आणि तें डोळ्यांनीं पाहून दिलेलें होतें.

तिसरा वर्ग बोट दाखविणाऱ्या नांवांचा. रोग युरोपांत पोंचतांच त्याला ‘एशियाटिक कॉलरा’, ‘इंडियन कॉलरा’ अशीं विशेषणें लागलीं. रोग बंगालकडून निघाला हें खरें. परंतु विशेषणांत केवळ भूगोल नव्हता. रोग परक्यांचा आहे, त्यांच्या घाणींतून आला आहे, असा त्यांत सूर होता. त्या सुराचा एक परिणाम असा होतो कीं आपल्या दारापुढची घाण दिसेनाशी होते. लंडनमधील पंपाचें पाणी बिघडलें होतें तें लंडनच्याच सांडपाण्यानें. शिवाय बोट दाखविण्याची संवय लागली कीं तें कोठें थांबेल याचा नेम नसतो. १८३१ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें जमावानें इस्पितळावर हल्ला करून डॉक्टरांना ठार केलें. १८३२ सालीं पॅरिसमध्यें पाण्यांत विष कालविल्याच्या नुसत्या संशयावरून निरपराध माणसें रस्त्यांत मारलीं गेलीं.

आपल्या गांवांनींहि हेंच केलें, फक्त देवीच्या नांवानें केलें. महाराष्ट्रांत पटकी म्हणजे मरीआईचा कोप, जरीमरीचा फेरा. बंगालमध्यें हिंदूंची ओलाई चंडी आणि मुसलमानांची ओलाबीबी. देवता एकच, नांवें दोन. सांथ आली म्हणजे मरीआईचा गाडा सजवीत, तिची पूजा करीत आणि वाजतगाजत गाडा गांवाच्या शिवेबाहेर नेऊन सोडीत. पलीकडचे गांवकरी तो पुढच्या शिवेवर लोटीत. त्या गाड्याबरोबर भयभीत माणसांचें मन थोडें हलकें होत असेल. परंतु विहीर तीच राहत असे आणि विहिरीकांठचें धुणेंहि तेंच. ‘एशियाटिक’ हें विशेषण आणि मरीआईचा गाडा यांत फरक इतकाच कीं, एक छापील पुस्तकांतून पुढें लोटला गेला आणि दुसरा चिखलांतून.

आतां पहिल्या वर्गांतील त्या साध्या नांवांकडे पुन्हा वळावें. ओलाओठा, वांतिभेदी, कोगळियुं या साऱ्यांचा मतितार्थ एकच आहे : माणसांतलें पाणी जातें. कडक दुखण्यांत तासाला सुमारें लिटरभर पाणी शरीरांतून निघून जाऊं शकतें, आणि पाण्याबरोबर मीठहि जातें. रक्त दाट होतें, डोळे खोल जातात, नाडी लागत नाहीं. १५४३ सालीं गोव्यांत चिरून पाहिलेल्या त्या शरीरांत दुसरा दोष दिसला नाहीं, आणि आकसलेल्या जठराचा अर्थ कोणाला लागला नाहीं. १८३१ सालीं विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरानें रोग्यांचें रक्त तपासून पाणी आणि क्षार कमी झाल्याचें दाखविलें. हाच गृहस्थ पुढें हिंदुस्थानांत येऊन तारायंत्राचा प्रवर्तक म्हणून नांवाजला. १८३२ सालीं स्कॉटलंडांतील लीथ गांवच्या थॉमस लॅटा यानें मिठाचें पाणी रोग्यांच्या शिरेंत सोडलें, तेव्हां मरणाच्या दारांतून कांहीं जण परतले. परंतु त्याचें अनुकरण फार थोड्यांनीं केलें आणि तो मार्ग जवळजवळ विसरला गेला. विसाव्या शतकाच्या आरंभीं कलकत्त्यास लिओनार्ड रॉजर्स यानें तो पुन्हा धरला, आणि मृत्यूंचें प्रमाण पुष्कळ खालीं आणलें.

पाणी जातें तें कां, याचें उत्तर १९५९ सालीं कलकत्त्याचे शंभुनाथ दे यांनीं दिलें. जंतु आंतड्यांत एक विष सोडतो आणि त्या विषामुळें आंतडें पाणी बाहेर टाकूं लागतें, हें त्यांनीं प्रयोगानें सिद्ध केलें. त्यानंतर इतर संशोधकांना असें आढळलें कीं, या स्थितींतहि साखरेच्या सोबतीनें दिलेलें मीठ आंतडें शोषून घेतें, आणि मिठामागून पाणी जातें. १९७१ सालीं बांगला देशाच्या युद्धांत लाखों निर्वासित सरहद्द ओलांडून बंगालमध्यें आले. बनगांवच्या इस्पितळांत पटकीचे रोगी जमिनीवर दाटीनें पडले होते आणि शिरेंतून द्यावयाचें पाणी संपत आलें होतें. तेथें दिलीप महालनबीस यांनीं साखर, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचें मिश्रण पाण्यांत घालून तें पिंपांत भरून ठेवलें, आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच तें भांड्याभांड्यानें पाजण्यास सांगितलें. शेंकडा तीसच्या सुमारास असलेले मृत्यू शेंकडा चारच्याहि खालीं आले. शतकानुशतकें रोगी जें मागत होता तेंच अखेर त्याला मिळालें. त्यांत फक्त चिमूटभर मीठ आणि मूठभर साखर यांची भर पडली.

आजहि हाच उपाय आहे. स्वच्छ पाणी एक लिटर, साखर चहाचे सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा, एवढें घरांत कोणालाहि करतां येतें. ढाळवांत्या सुरू होतांच तें थोडें थोडें पाजीत राहून रोग्याला वेळ न गमावतां डॉक्टरकडे न्यावें. वेळेवर उपचार झाला तर या रोगानें शंभरांत एकहि मनुष्य दगावूं नये, असें वैद्यकशास्त्र सांगतें. उपचार झाला नाहीं तर कडक सांथींत निम्मीं माणसेंसुद्धां जातात. रोग जगांतून गेलेला नाहीं. १९६१ सालीं इंडोनेशियांतून निघालेली त्याची सातवी जागतिक सांथ अद्याप चालूच आहे, आणि जेथें पिण्याचें पाणी व सांडपाणी एकत्र होतात तेथें ती पुन्हा डोकें वर काढते.

नांवांच्या बाबतींतहि जग कांहीं शिकलें आहे. नव्या रोगाला देशाचें, गांवाचें, जातीचें किंवा माणसाचें नांव देऊं नये. रोग काय करतो तें सांगणारें साधें नांव द्यावें, असा नियम जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं घालून दिला. मोडशी, ओलाओठा, कोगळियुं हीं नांवें ज्यांनीं प्रथम उच्चारलीं, त्यांना लिहितांवाचतांहि येत नसेल. पण त्या नियमांत बसणारीं नांवें त्यांनीं केव्हांच देऊन ठेवलीं होतीं. आजारी माणसाच्या उशाशीं रात्रभर बसून जें दिसलें तें त्यांनीं सांगितलें. फ्रेंच कानानें त्यांतील एका नांवाचें कुत्र्याचें मरण केलें, आणि विद्येनें पित्ताचें नांव उराशीं धरून माणसाला पाणी नाकारलें. यापुढें घरांतील वृद्ध बाईंनीं मांजराला पटकी येवो म्हटलें, तर मुलांनीं खुशाल हंसावें. मात्र पिण्याच्या पाण्याचा माठ झांकलेला आहे कीं नाहीं तेंहि जातां जातां पाहावें.